त्या वर्षीची आंबवणी

मोसंबीच्या बागेला वर्षातून एकदा मुद्दाम तहानलेलं ठेवतात. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर तो आधी विश्वास ठेवत नाही. पावसाळा संपून जमीन वाळत आली की बागेचं पाणी तोडायचं. थेंब द्यायचा नाही. पानं पिवळी पडतात, त्यांच्या कडा आत वळतात, बरीचशी गळून बुंध्याशी साचतात. झाड आता जातं की काय असं वाटू लागतं, आणि नेमकं तेव्हा पाणी सोडायचं. फार आधी सोडलं तर फूल येत नाही, उशीर केला तर झाड राहत नाही. पहिलं पाणी हलकं द्यायचं, त्याला आंबवणी म्हणतात. पुढचं भरपूर. मग सगळी बाग पांढऱ्या फुलांनी भरते. आमचं घर, माझं शिक्षण, भावाचं शिक्षण, सगळं त्या फुलांवर झालं.

बाग पाचोडच्या अलीकडे, हायवेपासून थोडी आत. मी राहते संभाजीनगरात आणि नोकरी वाळूजला. एका कारखान्यात माल पाठवण्याचं खातं माझ्याकडे आहे. कोणता ट्रक कधी निघणार, त्यात काय भरायचं, कोणत्या कागदावर कोणाची सही, हे माझं काम. याद्या करायची सवय कारखान्यात लागली की आधीपासूनच होती, सांगता येत नाही. आमच्या खानदानातली लग्नं, बाळंतपणं, ऑपरेशनं आणि तेरावे माझ्या याद्यांवर पार पडलेले आहेत. चुलतभाऊ म्हणतात, आक्काच्या यादीत नाव असलं की नवरदेवाला पळता येत नाही.

भाऊ माझ्याहून बारा वर्षांनी लहान. तो नौदलात वैमानिक होता. विमान चालवायचा ते जमिनीवरून नाही, जहाजावरून. आमच्या आजोबांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, पाहिला तो मुलाच्या पासिंग आउटला गेले तेव्हा. परत आल्यावर पारावर लोकांनी विचारलं, कसा असतो? दादा म्हणाले, "पाणी लई. पण कामाचं नाय."

बागेची आंबवणी भावाच्या हातची. तो शाळेत असताना एका वर्षी दादांनी सहज त्याच्याकडून मोटारीचं हिरवं बटण दाबून घेतलं आणि त्या वर्षी फांद्यांना टेकू द्यावे लागले, इतका माल आला. तेव्हापासून दादांच्या मनाने घेतलं की पोराला हातगुण आहे. मग दर वर्षी तेच. विहिरीवरच्या मोटारीला हळदकुंकू, एक नारळ, आणि भावाने बटण दाबायचं. तो नोकरीला लागल्यावरही त्याची सुट्टी दिवाळीला नसायची, लग्नसराईला नसायची, ती जानेवारीत आंबवणीला असायची. त्याचे साहेब विचारायचे, जानेवारीत कोणता सण असतो तुमच्याकडे?

एकदा त्याला येता आलं नाही. जहाज कुठेतरी लांब होतं. पानं गळायला लागली, काका रोज येऊन म्हणायचे, "दादा, सोडा आता." माझ्या वडिलांना धाकट्या काकांपासून गावापर्यंत सगळे दादाच म्हणतात. दादा हलले नाहीत. शेवटी एका दुपारी भावाचा फोन आला. दादांनी फोन मोटारीच्या पेटीला लावून धरला, पलीकडून भाऊ ओरडला, "दाबा!" आणि दादांनी बटण दाबलं. बाग फुलली. मधले दिवस दादांनी वाट पाहिली आणि वाट पाहिलेली फळाला आली, एवढंच त्यांच्या लक्षात राहिलं. ते तसं राहिलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला पुढे अनेकदा वाटलं.

शेवटच्या सुट्टीत आईने त्याला विचारलं होतं, "तुमचं जहाज थांबतं का रे, तू उतरताना?"

"चालूच असतं."

"मग तू कसा थांबतोस?"

सांगून कळेना म्हणून त्याने करून दाखवलं. दादांची जुनी मोपेड काढली. फांद्या खाली ओढायची आमची आकडी, म्हणजे टोकाला लोखंडी आकडा असलेला बांबू, तो मोपेडच्या मागे बांधला. गाडीवाटेवर ठिबकची नळी आडवी ताणून दोन झाडांना अडकवली. "ही वाट म्हणजे जहाज. ही नळी म्हणजे केबल. माझ्या विमानाला मागे असा आकडा असतो, तो केबलीत अडकला की विमान थांबतं. आक्का, तू तिकडे त्या टोकाला जाऊन उभी राहा."

"मी कोण?"

"तू समुद्र."

"समुद्राला काय काम असतं?"

"काहीच नाही. समोर असायचं."

मी उभी राहिले. तिशी ओलांडलेला, खांद्यावर पट्ट्या लावणारा माणूस मोपेडवरून बोंबलत आला, आकडी नळीत अडकली, नळी सगळ्या जोडांतून सुटून त्याच्यामागे फरफटत आली आणि तो थेट माझ्या अंगावर येऊन ब्रेक दाबून थांबला. आई पदर तोंडाला लावून हसत होती. दादा गोठ्यातून पळत आले. "आरं लेका, सरकारचं विमान फोड जाऊन! माझं ठिबक कामून तोडायलास?"

"दादा, नळी निसटली. म्हणूनच आम्ही जहाजाला टेकलो की इंजिन पूर्ण जोरात ठेवतो. आकडा अडकला नाही तर तसंच पुढे निघून परत उडायचं."

"म्हंजे थांबायच्या टायमालाच जोरात पळायचं?" आई म्हणाली.

"व्हय."

"असलं कुठं असतंय का! तू लग्न कर बाबा आता."

दोघे बापलेक दुपारभर नळ्या जोडत बसले. 

त्या सुट्टीनंतरच्या हंगामात पाणी तोडल्यावर भावाचा फोन आला होता. "पानं गळायला लागली का?" दादा म्हणाले, लागतील आता, तू रजेचं बघ. तो म्हणाला, रजा मंजूर आहे, येतोय.

मला बातमी कळली तेव्हा मी कारखान्याच्या माल चढवायच्या डॉकवर उभी राहून एका ड्रायव्हरशी ताडपत्रीवरून भांडत होते. फोनवरच्या अधिकाऱ्याने आधी माझं नाव विचारून खात्री केली. मी घरातली संपर्काची व्यक्ती आहे असं भावाने लिहून ठेवलेलं होतं. अधिकारी म्हणाले, उतरताना अपघात झाला. केबल अडकली होती, पण विमान थांबायच्या आत सुटली. का सुटली ते चौकशीत कळेल. तोपर्यंत वेग इतका कमी झाला होता की परत उडता येईना, आणि इतका होता की थांबताही येईना. विमान जहाजाच्या पुढच्या टोकावरून समुद्रात गेलं. खाली जाता जाता, संकटात उडणारी त्याची खुर्ची त्याच्यासकट बाहेर फेकली गेली, हे लोकांनी पाहिलं. हेलिकॉप्टर लगेच पोचलं. पाण्यावर हेल्मेट मिळालं. शोध चालू आहे. 

मी विचारलं, कोणत्या भाषेत कळवणार आहात? माझ्या वडिलांना हिंदी समजते पण अशा वेळी समजणार नाही. ते म्हणाले, तुम्हीच कळवा. मग आम्ही येतो.

मी चलनाच्या पाठकोऱ्या कागदावर लिहिलं. काकांना फोन. टीव्हीच्या डिशची वायर काढायला सांगणे. दादांची बीपीची गोळी. आईजवळ कोणीतरी बाई. नवऱ्याला फोन, गाडी. एकेक काम होत गेलं तशी मी त्यावर रेघ मारत गेले. वाटेतल्या आडूळ गावापर्यंत सगळ्या रेघा मारून झाल्या आणि मग हातात काहीच उरलं नाही. पुढचा रस्ता कसा गेला ते मला आठवत नाही. 

घरी अंगणात मी दादांच्या समोर बसले आणि जसं ऐकलं तसं सांगितलं. आईने आतून ऐकलं आणि तिथेच भिंतीला टेकून बसली. तिला कळलं होतं. पहिल्या वाक्यात कळलं होतं. दादांनी मात्र नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "सापडला नाय म्हणतात?"

"अजून नाही."

"खुर्ची भाईर पडली म्हणतात?"

"हो."

ते उठले आणि बैलांना वैरण टाकायला गेले.

दादा तरुणपणी आसपासच्या गावांत विहिरी उपसायला आणि विहिरीत पडलेलं बाहेर काढायला जात. गुरं काढली, माणसंही काढली. दोर कमरेला बांधून खाली उतरणारा माणूस म्हणून त्यांना लांबून बोलावणं यायचं. त्यामुळे बुडालेल्या माणसाचं पाणी काय करतं हे त्यांना माहीत होतं. चौथ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली, आणि समोर बसलेल्या सगळ्या माणसांसमोर, हिशेब सांगावा तसं सांगितलं.

"बाई, पाण्यात गेलेलं माणूस तिसऱ्या दिशी वर येतं. थंडी असली तर एखाद दिस जास्त. मी सोताच्या हातानं काढलेत. हे वर आलं नाय. इतके हेलिकॉप्टर फिरायलेत, वर आलं असतं तर दिसलं असतं. म्हंजे ते पाण्यात नाय. कुठंतरी काठाला लागलंय. बोटीवाल्यानं उचललं आसंल."

त्यांच्या बोलण्यात वेड्यासारखं काही नव्हतं. जे आयुष्यभर पाहिलं त्यावरून त्यांनी अनुमान काढलं होतं, आणि विहिरीपुरतं ते बरोबरच होतं.

गावातल्या पोरांनी स्टँडवर भावाचा फ्लेक्स लावला. गणवेशातला फोटो, खाली भावपूर्ण श्रद्धांजली आणि त्याखाली लावणाऱ्यांचे स्वतःचे फोटो. पोरांचा हेतू वाईट नव्हता. दादांनी विळ्याने दोऱ्या कापल्या, फ्लेक्सची घडी केली, घरी आणला आणि कडब्याच्या गंजीवर दहिवर पडू नये म्हणून पांघरला. तोंड खाली करून. 

इकडे बाग वाळत चालली होती. भेटायला येणारी माणसं अंगणात बसायची, चहा घ्यायची आणि त्यांची नजर बागेकडे जायची. शेतकरी माणसाला दुसऱ्याच्या घरचं दुःख दिसतं तसं त्याचं पीकही दिसतं. पानं हळदीसारखी झाली होती. वारा आला की खळखळ आवाज यायचा. काकांनी चारदा विषय काढून सोडून दिला, मग एका सकाळी सरळ बोलले.

"दादा, आंबवणी द्यायला झाली. आपल्याला सुतक हाय, नारळ आपल्याला फोडता येत नाय. बाहेरचं कुणी हात लावंल. माझा जावई येतो म्हणतोय."

"सुतक कुणाचं?" दादांनी विचारलं.

काकांनी मान खाली घातली. मी आईकडे पाहिलं. आई चुलीपुढून उठून बाहेर आली आणि तिने, माझ्या आठवणीत पहिल्यांदा, लोकांसमोर दादांना उलट उत्तर दिलं. "पोराचं काय म्हणायचं ते म्हणा. झाडं कामून मारायलात?"

"रजा मंजूर हाय त्याची. आल्यावर तो देईल."

"त्याची रजा!" आई म्हणाली. ती चुलीकडे परत गेली.

मी विचार केला तो सरळ होता. भाऊ परत येणार नाही आणि त्याबद्दल मला काही करता येत नाही. पण बाग मला वाचवता येईल. एवढं एक काम करण्यासारखं होतं आणि ते मला येत होतं. मी रजा वाढवून घेतली. वीज दिवसा कधी असते ते विचारून ठेवलं. फुटलेल्या नळ्या पाहून काकांच्या मुलाकडून बदलून घेतल्या. दादा वैरणीला गेले असताना मी विहिरीवर गेले आणि पेटी उघडून हिरवं बटण दाबलं. मोटार गुरगुरली. नळ्या फुगल्या. पहिल्या ओळीतल्या झाडांच्या बुंध्याशी माती काळी व्हायला लागली आणि ओल्या मातीचा वास आला. मला वाटलं, झालं. सुटलो सगळे.

दादा कधी आले कळलं नाही. ते रागावले नव्हते. त्यांनी लाल बटण दाबलं, पेटीतला फ्यूज उपसून काढला आणि बंडीच्या खिशात टाकला.

"दादा, झाडं मरतील."

"त्या साली बी हेच म्हणत होता सगळे."

"त्या साली त्याचा फोन आला होता."

"या साली बी येईल."

"आणि नाही आला तर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "तू दिलं पाणी, बाग फुलली, मग त्याला कशाला यायचं?"

मी पन्नाशीकडे झुकलेली बाई. रोज ट्रकवाल्यांशी, हमालांशी, साहेबांशी वाद घालते आणि माझंच खरं करते. त्या वाक्यावर मी पेटीचं झाकण लावलं आणि घराकडे वळले. बाजारातून दुसरा फ्यूज आणता आला असता. काकांनी आणूनही ठेवला होता. पण तो लावायचा म्हणजे दादांच्या समोर त्यांचा मुलगा मेला असं हाताने करून दाखवायचं. ते मला झालं नाही, काकांनाही झालं नाही. आम्ही सगळे त्या खिशातल्या चिनी मातीच्या तुकड्याकडे बघत राहिलो. झोपताना तो खिशात, जेवताना खिशात. वाकले की ते वरून हाताने दाबून धरायचे.

मी कामावर परत गेले. शनिवारी यायची, सोमवारी पहाटे निघायची. दर शनिवारी हायवेवरून वळलं की आधी बाग दिसायची. संक्रांत गेली. आजूबाजूच्या बागा ओल्या झाल्या, त्यांना फूट दिसू लागली. रजा सुरू होण्याचा दिवस आला आणि गेला. त्या दिवशी दादांनी दाढी करून घेतली होती, असं आई म्हणाली. मग रजा संपायचाही दिवस गेला. आमच्या झाडांची शेंड्याकडची काडी काळी पडायला लागली. काकांनी येणं बंद केलं. त्यांना बघवत नव्हतं.

नौदलाची माणसं अपघातानंतर एकदा येऊन गेली होती, ती ऊन तापायला लागल्यावर परत आली. या वेळी दोघे, एक मोठे अधिकारी आणि एक भावाच्याच बरोबरचा मराठी मुलगा. शोध थांबवल्याचं त्यांनी कागदावर दिलं. भावाचं सामान आणलं होतं, लोखंडी पेटीत, आणि बरोबर यादी. यादी म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ओट्यावर बसले, तो मुलगा एकेक वस्तू काढून नाव घ्यायचा आणि मी खूण करायची. पांढरे गणवेश. इस्त्री. पळायचे बूट. दाढीचं सामान. स्वेटर, हाताने विणलेला, तो आईचा. रबरी चप्पल, एक जोड. मी सगळ्यावर खुणा केल्या. काही कमी नव्हतं. खाली सही केली. आयुष्यात मी हजारो चलनांवर सह्या केल्या आहेत, माल पूर्ण मिळाला, तक्रार नाही. तसंच काहीसं त्या कागदावर छापलेलं होतं.

पेटी रिकामी झाल्यावर दादांनी त्या मुलाला जवळ बसवलं.

"तिथं पाणी किती खोल हाय?"

"खूप खोल आहे, काका."

"लई म्हंजे किती? आमची हीर आठ परस हाय. आठ माणसं एकावर एक उभी केली तर वरच्याचं डोकं काठाला लागतं."

मुलाने मोठ्या अधिकाऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. तो म्हणाला, "काका, तिथे हजारावर माणसं एकावर एक उभी केली तरी कमी पडतील."

मग दादांनी ज्याच्यासाठी हे सगळं विचारलं होतं ते विचारलं. "इतक्या खालून माणूस वर येतं का?"

"नाही, काका." त्या मुलाचे डोळे भरले होते, पण त्याने नीट उत्तर दिलं. "तिथे तळाला फार गार असतं आणि वरच्या पाण्याचं ओझं फार असतं. त्याच्या खुर्चीचे पट्टे सुटले नसावेत. खुर्ची जड असते. विहिरीसारखं होत नाही."

"मला कुणी सांगितलं नाय," दादा म्हणाले.

कोण सांगणार होतं? आमच्यात कोणाला माहीत होतं?

पाहुणे गेले. दादांनी खिशातून फ्यूज काढला, माझ्या हातात दिला. तो गरम होता. "लाव," म्हणाले. मी विचारलं, तुम्ही येता का? ते नाही म्हणाले. नारळ नव्हता, हळदकुंकू नव्हतं. मी काकांना बोलावून घेतलं, आम्ही दोघं विहिरीवर गेलो, काकांनी फ्यूज बसवला, मी बटण दाबलं. 

भावाचे दिवस आम्ही पैठणला केले. देह नव्हता म्हणून गुरुजींनी दर्भाचा पुतळा करायला सांगितला आणि नदीकाठी त्याला अग्नी दिला. दर्भ लगेच जळतो. दादा म्हणाले, झालं का? गुरुजी म्हणाले, झालं. तेराव्याची यादी माझीच होती. मंडप, आचारी, पत्रावळी, लांबून येणाऱ्यांची झोपायची सोय. काहीही कमी पडलं नाही. दोन-तीन बायकांनी जाताना मला सांगितलं की सगळं फार व्यवस्थित झालं. 

आणि बाग फुलली.

मी शनिवारी हायवेवरून वळले आणि गाडी बाजूला घ्यायला लावली. आमच्या बागेत पान दिसत नव्हतं इतकं फूल होतं. उघड्या काटक्यांवर गच्च पांढरं. वास गाडीच्या काचा बंद असताना आत येत होता. मोटरसायकलवाले थांबून फोटो काढत होते. भावाच्या हाताने दिलेल्या कोणत्याच वर्षी बाग अशी फुलली नव्हती. आई बांधावर उभी होती. दादा झाडांमधून फिरत होते, फांदीला हात लावत, पुढे जात. त्यांच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ते मला पाहायचं नव्हतं. त्यांना वाटत होतं की हा निरोप आहे. पोराने कुठून का होईना बटण दाबलं.

"बघ," मला म्हणाले. "बघ त्याचा हात."

काका माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मी हळू विचारलं, "काका, माल धरेल का?"

"मरायच्या आधी झाड असंच फुलतं, बाई," ते म्हणाले. "दादाला ठावं हाय. माझ्यापरीस जास्त ठावं हाय."

दादांना आठ-दहा दिवस कोणी काही बोललं नाही. त्या दिवसांत ते दोन वेळा जेवले, झोपले, आईशी बोलले. मग फूल वाळून पडायला लागलं. बारीक हिरवे मणी धरले होते तेही पडले. उन्हाळा पुढे सरकला तशी झाडं शेंड्याकडून खाली काळी होत आली. काही बुंध्यांतून डिंक वाहिला. आम्ही खत घातलं, औषध मारलं, टँकर आणले. कृषीवाले येऊन साल खरवडून बघून गेले. साल खाली कोरडी होती.

जूनच्या आधी एक धनगर आला. दर साली त्याची मेंढरं आमच्या शेतात खतासाठी बसायची, दादांची आणि त्याची जुनी ओळख. तो अंगणात आला, पाणी प्याला, इकडचं तिकडचं बोलला. निघताना काठीवर रेलून, बागेकडे न बघता म्हणाला, "मालक, बाग काढणार असाल तर मेंढरं घालतो दोन दिस. बुडाला पाला हाय, त्यांच्या तोंडाला लागंल."

इतके दिवस आमच्यातल्या कोणीही तो शब्द उच्चारला नव्हता. काढणार असाल तर. 

दादा म्हणाले, "घाल."

मेंढरं दोन दिवस होती. वाळलेला पाला, जमिनीवरची फुलं, सगळं खाऊन त्यांनी रान चकचकीत केलं. मग मशीन आलं. झाडं मुळासकट निघाली, त्यांच्या मुळांना विहिरीकडच्या बाजूला थोडी ओली माती होती. मी दिलेल्या त्या पहिल्या, अर्ध्यातच बंद झालेल्या पाण्याची ती माती नव्हती, तसं असणं शक्य नाही हे मला कळतं. तरी मी बघत राहिले.

आता तिथे काही नाही. काका म्हणतात कापूस लावा. मी एकदा वहीत लिहून आणलं होतं, काय लावता येईल, किती पाणी लागेल, रोपं कुठे मिळतील. दादांनी वही हातात घेतली, चष्मा लावून सगळं वाचलं आणि परत दिली. चांगलं हाय, म्हणाले. पुढे काही झालं नाही. जानेवारी आला आणि गेला. 

झाडं काढल्याच्या दिवशी दादा संध्याकाळी विहिरीवर गेले आणि पेटीतला फ्यूज काढून घेऊन आले. त्या मोटारीवर फक्त बाग होती. पाणी द्यायला तिथे आता काही नाही, आणि ते बटण कोणी दाबणार नाही. तरी तो त्यांच्या खिशात असतो. रविवारी सकाळी आई बंड्या धुवायला काढते. दगडावर आपटायच्या आधी ती मळक्या बंडीच्या खिशात हात घालते, फ्यूज काढते, पदराला पुसते आणि खुंटीवरच्या धुतलेल्या बंडीच्या खिशात टाकून ठेवते. दादा आंघोळ करून येतात, बंडी घालतात, खिसा चाचपतात आणि अंगणात जाऊन बसतात.